नववा अंक

मी एक जुनी मूळसंख्या आहे. जुनी म्हणजे किती जुनी, ते विचारू नका. तुमच्याकडे एखादी खुर्ची चार पिढ्या टिकली की तिचं केवढं कौतुक होतं! मी तुमच्या पहिल्या खुर्चीच्याही आधीची आहे. आपली गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यांना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणते. पण त्यावरून उगाच गळ्यात पडू नका. माझी कुणाशी मैत्री नाही. माझ्या घरात फक्त दोघांना प्रवेश आहे. एक तो बिचारा एक, जो कुणाच्याही घरात शिरतो आणि कुणाचंच काही बिघडवत नाही, आणि दुसरी मी स्वतः. तिसरा कुणी मला भागायला आला की बाकी उरते आणि पाहुण्याला आल्या वाटेने परत जावं लागतं.

मित्रांनो, माझं नाव सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. आकड्यांत लिहायचं तर ७३९३९१३३. तुम्ही म्हणाल, याहून मोठ्या मूळसंख्या ढिगाने आहेत. आहेत ना. काही तर इतक्या लांबलचक की त्या लिहायला घेतल्या तर कागदांनी खोली भरेल. असू देत. लांबीवरून मोठेपणा ठरवायची सवय तुमची, माझी नाही. माझं मोठेपण वेगळं आहे. माझा शेवटचा अंक काढून टाका, उरते ७३९३९१३. तीही मूळसंख्याच. पुन्हा शेवटचा काढा, ७३९३९१. मूळच. असं करत करत ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी नुसता ७. कुठेही थांबा, भाग म्हणून जाणार नाही. आठ अंकांच्या अशा आम्ही पाचच जणी आहोत आणि पाचांत मी थोरली. नऊ अंकांची एकही नाही. म्हणजे माझ्यापुढे एक अंक लावून बघा, कुठलाही लावा, मी मोडते. शून्य, दोन, चार, सहा, आठ लावलात तर दोन घुसतो, तो असाही उठसूट कुठेही घुसतोच. पाच लावलात तर पाच. एक किंवा सात लावलात तर तीन. तीन किंवा नऊ लावलात तर वरून काही कळत नाही, पण आत कुठला तरी आडदांड विभाजक दबा धरून बसलेला सापडतो. थोडक्यात, शेवटून कितीही कापा, पण शेवटच्या अंकापुढे कुणालाही जागा नाही. मला याचा अभिमान आहे.

आता जन्माचं सांगायचं. मला कुणी घडवलं नाही. घडवलं ते पितळ. पण तुम्हाला हाताला लागेल असं काही असल्याशिवाय समजत नाही, म्हणून पितळेची गोष्ट सांगते.

एक बाई होत्या. शाळेत गणित शिकवायच्या. मुलं त्यांना बाई म्हणत आणि हळूहळू घरातलेही बाईच म्हणायला लागले. मी मूळ आहे असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, पण वाचलेल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. एका सुट्टीत त्या टेबलाशी बसल्या आणि आठ हजार सहाशेच्या आतल्या झाडून सगळ्या मूळसंख्यांनी त्यांनी मला भागून पाहिलं. हजारावर भागाकार, तेही हाताने. भात करपला, पाहुणे येऊन गेले, नवऱ्याने दोनदा विचारलं, "तुला बरं नाहीये का?" शेवटचा भागाकार झाला, बाकी उरली, तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "खरी आहे." मित्रांनो, आयुष्यात मला आदर वाटला तो या एकाच माणसाबद्दल.

नवरा ओतारी होता. घरामागच्या शेडमध्ये त्याची भट्टी. वाळूच्या साच्यात पितळेचा रस ओतून नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, नावाच्या पाट्या करायचा. माणूस मऊ होता, नको तितका. बाईंच्या सांगण्यावरून त्याने माझे आठ अंक ओतले, कानशीने घासले, आरशासारखे चकाकवले. प्रत्येक तुकड्याच्या मागे, जिथे कुणी बघत नाही तिथे, त्याच्या अंगठ्याचा ठसा असायचा. ओतण्याआधी वाळूत अंगठा दाबायची त्याची खोड होती. मला ते मुळीच आवडलं नाही, पण मला विचारतो कोण!

दाराशेजारच्या भिंतीवर आठ अंक बसले, कारण घरात माणसं आठ होती. बाईंचे सासू-सासरे, बाई आणि ओतारी, त्यांचा मुलगा, आणि धाकटा दीर, जाऊ, त्यांची मुलगी. वयाप्रमाणे एकेकाचा एकेक अंक. सात सासऱ्यांचा, शेवटचा तीन दिराच्या मुलीचा. नियम बाईंनी घालून दिला. कुणी गेलं, मग ते जगातून असो की घरातून, तर शेवटचा अंक उतरवायचा आणि सगळ्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं. कुणी आलं तर उतरवलेला अंक परत चढवायचा. "म्हणजे माणसं कमी-जास्त झाली तरी घर मूळचं मूळच राहतं," बाई म्हणाल्या. घरच्यांनी माना डोलावल्या. कळलं कुणालाच नव्हतं, पण बाईंशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

माझे ते दिवस बरे गेले. शाळेतली मुलं बघायला यायची, बाई एकेक अंक हाताने झाकून दाखवायच्या, मुलं पाटीवर भागून थकायची. बाकी लोकांबद्दल न बोललेलं बरं. कुरियरवाल्याने मला फोन नंबर समजून लावून पाहिला आणि कुणी उचलला नाही म्हणून दारात उभा राहून चिडला. शेजारच्या गृहस्थांनी "तुमचा लकी नंबर वाटतं?" असं विचारलं. एका शहाण्याने तर मी विजेच्या मीटरचा आकडा आहे असं ठरवून टाकलं. अशांच्या मध्ये लटकायचं होतं मला.

सासरे वारले. शेवटचा तीन उतरला आणि फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये गेला. माझं काही अडलं नाही. मग मुलाचं लग्न झालं, सून आली, तीन परत चढला. सून औषधांच्या दुकानात काम करायची. दिवसभर गोळ्या मोजणारी, म्हणून मला वाटलं, हिला तरी संख्यांची थोडी कदर असेल. सुरुवात चांगली झाली. दर रविवारी ती स्टुलावर चढून सगळे अंक पुसायची, आणि आपला तीन जरा जास्तच.

मग तिला दिवस गेले. एका रविवारी, पुसून झाल्यावर, स्टुलावरून उतरता उतरता तिने विचारलं, "आई, बाळ आलं की त्याचा अंक कुठला लावायचा?"

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही लावायचा. पुढे जागा नाही."

"म्हणजे काय?"

"आठ अंकांच्या पुढे काही लावलं की ती मूळ राहत नाही. कुठलाही अंक लाव."

"पण मग बाळाचं काय?"

"बाळ काय बाहेर झोपणार आहे? अंक नाही एवढंच. कुणी कमी झालं की मिळेल त्याला."

 फडका हातातच राहिला सुनेच्या. मला मात्र बाईंचं उत्तर मनापासून पटलं. अचूक होतं. बाईंच्या सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या, त्यांना वाटलं आता कमी व्हायचं ते आपल्यालाच. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. माणसांना साधं विधानसुद्धा नीट ऐकता येत नाही, ते असं.

मुलगी झाली. ज्या दिवशी तिला घरी आणणार होते, त्या दिवशी बाईंची शाळा होती. ओताऱ्याने सकाळीच भट्टी पेटवली. नातीसाठी अंक ओतायचा होता त्याला, आणि दहा अंकांतून निवडला कुठला, तर एक. का? तर म्हणे, "एवढीशी तर आहे, तिला एकच शोभतो." मित्रांनो, याला म्हणतात विचार! मला भोकं पाडली, स्क्रू पिळले आणि माझ्या शेवटच्या तीनला खेटून तो काडीसारखा एक उभा केला. ७३९३९१३३१. तुम्हाला शाळेत शिकवलंय, अंकांची बेरीज करा आणि तीनने भाग जातो का बघा. माझी बेरीज अडतीस. त्यात एक मिळवा. तो एक पुढे लावा, मागे लावा, मध्ये कोंबा, बेरीज तीच. ज्या घरात कधी कुणाचं पाऊल पडलं नव्हतं, तिथे तीन चपलांसकट आत आला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाई शाळेतून आल्या तेव्हा सून बाळाला घेऊन नुकतीच पायरीवर पोचली होती. सगळे दारात गोळा झाले होते. ओतारी तर लहान मुलासारखा हसत होता. बाईंनी भिंतीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, आणि मग त्या म्हणाल्या, "एकोणचाळीस."

"काय?" मुलाने विचारलं.

"तीनने भाग जातो. स्क्रूड्रायव्हर आण."

"अगं, राहू दे ना आजच्या दिवस," ओतारी म्हणाला.

"चूक ती चूक. आज काय आणि उद्या काय."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो एक काढला. सून बघत होती. "आई, तो तिचा आहे," एवढंच म्हणाली. बाई म्हणाल्या, "तिला दुसरं काहीतरी करून देऊ." कठड्यावर ठेवलेला तो एक सुनेने उचलला, बाळाच्या दुपट्यात सरकवला आणि ती आत गेली. मला इतकं हायसं वाटलं! त्या क्षणी बाई मला जितक्या आवडल्या तितकं कधीच कुणी आवडलं नव्हतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, कारण अशा बाबतीत तुमची अक्कल बरोबर चालते. सून माहेरी गेली ती परत आलीच नाही. बाईंनी नियमाप्रमाणे शेवटचा तीन उतरवला. "अजून मूळच आहे," त्या म्हणाल्या. मग मुलगा गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या भाड्याने घेऊन ती तिघं राहू लागली. आणखी एक अंक उतरला. "अजून मूळच आहे." मग एक दिवस जाऊ म्हणाली, "जिथे तान्ह्या बाळाला जागा मिळाली नाही, तिथे आमची तरी काय पत्रास?" दीर-जाऊ आणि त्यांची मुलगी सामान घेऊन निघाली आणि माझे तीन अंक एकदम उतरले. ७३९. "मूळच आहे," बाई म्हणाल्या, आणि मी मनात म्हटलं, शाब्बास. लोकांना वाटत होतं घर मोडतंय. मोडायला काय ते गाठोडं होतं? मी होते ती. मला शेवटून कितीही कापा.

मग सासूबाई वारल्या. ७३ उरले. ओतारी भट्टी पेटवायचा, पण कामं कमी झाली होती. दर रविवारी तो "जरा माल पोचवून येतो" म्हणून निघायचा आणि संध्याकाळी परतायचा तेव्हा त्याच्या खिशात कधी खडूचा तुकडा, कधी कागदाची होडी असायची. बाईंना ते दिसत होतं. त्यांनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मला हा सगळा प्रकार फालतू वाटायचा.

मग त्याला अंथरूण धरावं लागलं. एका दुपारी बाई त्याला औषध देत होत्या, तेव्हा तो म्हणाला, "एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"तो एक मी तुझ्या संख्येला लावला नव्हता. घराला लावला होता."

"एकच आहे ते," बाई म्हणाल्या.

"नाही गं," तो म्हणाला, "तेवढं एक तुला कधी जमलं नाही." आणि कुशीवर वळला.

हजारावर भागाकार केलेल्या बाईला हा पितळ वितळवणारा माणूस गणित शिकवत होता! बाई आता त्याला चांगलंच सुनावतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्या चमचा पुसत बसल्या. चमचा कोरडा झाल्यावरही पुसत बसल्या.

तो गेल्यावर बाईंनी तीन उतरवला. भिंतीवर उरला नुसता सात. त्याच्या उजवीकडे स्क्रूची भोकं आणि पितळेमागे न रंगलेल्या भिंतीचे फिकट आकार. बाईंची शाळाही आता संपली होती. मित्रांनो, माझ्या हालांची कल्पना करा. सातावर हिरवट थर चढला. शेजारी नवीन लोक राहायला आले, त्यांनी मला घर नंबर सात ठरवलं आणि सात नंबरचं टपाल आमच्या दारात पडू लागलं. मी, सात कोटींची, आणि घर नंबर सात! बाई रोज सकाळी दार उघडून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "मूळच आहे." आधी मोठ्याने, मग पुटपुटत. मग नुसत्या बघायला लागल्या.

एका रविवारी सकाळी त्या बराच वेळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आज पुसणार. पण त्या म्हणाल्या, "मी गेले की हा कोण उतरवणार?"

प्रश्न बरोबर होता. नियम त्यांचाच होता, आणि त्या नियमाप्रमाणे शेवटचा अंक उतरवायला कुणीतरी घरात असावं लागतं. एवढी साधी गोष्ट नियम करताना त्यांच्या लक्षात आली नव्हती. माझ्याही आली नव्हती, पण मला त्याचं काय पडलंय? मी उतरवल्याने संपत नाही. बाई मात्र आत गेल्या, स्टूल आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या आणि त्यांनी स्वतःचा सात स्वतःच उतरवला. एक स्क्रू खाली पडून गटारात गेला. सात पदरात पुसून त्यांनी पर्समध्ये टाकला, दाराला कुलूप लावलं आणि बस पकडली. जिथे माझा एक अंक असतो तिथे मीही असतेच, म्हणून पुढचं मला पाहावं लागलं.

दोन खोल्यांचं घर. जिना अरुंद, दार निळं. दारावर, मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, पितळेचा एक लावलेला. एकटाच. इतका घासलेला की त्यात बाईंच्या चपला दिसत होत्या. मला हसू आलं. एक! मूळही नाही, संयुक्तही नाही, धड कुठल्याच घरातला नाही, आणि त्याचा केवढा हा थाट!

दार एका मुलीने उघडलं. समोरचे दोन दात पडलेले. "कोण पाहिजे?"

  बाईंनी पर्समधून सात काढून पुढे केला. मुलीने तो घेतला आणि काय करावं? आधी उलटा केला. मागच्या अंगठ्याच्या ठशात तिने आपला अंगठा ठेवला आणि ओरडली, "आई! आजोबांचा आहे! माझ्या एकसारखाच!"

सून स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ होतं.  बाई म्हणाल्या, "त्या दिवशी माझं चुकलं. बेरीज बरोबर होती, पण चुकलं." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले, ते मी पाहिलं. मला त्यांची लाज वाटली.

सुनेने हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "आत या. चपला तिथे कोपऱ्यात काढा, जागा आहे."

मुलीला धीर नव्हता. "हा कुठे लावू? एकच्या अलीकडे की पलीकडे?"

मी कान टवकारले. आता बाई विचार करतील, ओठ हलतील, आणि त्या सांगतील. सांगायलाच हव्यात. बाई चपला काढता काढता म्हणाल्या, "तुला हवा तिथे लाव."

मुलीने सात एकच्या उजवीकडे धरून पाहिला, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि बाबाला हाक मारायला आत पळाली. सतरा. अलीकडे लावला असता तर एकाहत्तर. दोन्ही मूळ आहेत, मित्रांनो. हे मी तपासलं. बाईंनी तपासलं नाही. त्या पाटावर बसल्या होत्या आणि सून त्यांना पाणी देत होती.

तर माझी हकिगत ही अशी. आता शेवटी मला जपा, पुसा, सांभाळा, असं काहीतरी मी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला तुमच्या सांभाळण्याची गरज नाही. पितळ झिजेल, ती भिंत पडेल, तुम्ही सगळे जाल आणि मी तेव्हाही ७३९३९१३३ असेन आणि मला भाग जाणार नाही. सांगायचंच तर एवढंच सांगते, की मला आपल्या दारावर लावू नका. ज्याच्यापुढे आणखी कुणाला जागा असेल असं काहीतरी लावा. तो बिचारा एकसुद्धा चालेल.

आणि कधी त्या निळ्या दाराशी गेलात, तर बाईंना सांगा की सतरा मूळसंख्या आहे. मी स्वतः भागून पाहिलंय. त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.